हात आधी, डोकं नंतर

"इंजिन गेलं," हेलिकॉप्टर शिकवणारे सर एवढंच म्हणाले आणि सरावासाठी थ्रॉटल बंद. माझा डावा हात कलेक्टिव्हवर, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या दांड्यावर होता, पण नुसताच होता. खाली दाबायचंय हे कळेपर्यंत सरांनी दाबलंसुद्धा.

उतरल्यावर म्हणाले, "तू विचार करत बसलास." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आर२२ सारख्या दोन सीटच्या हेलिकॉप्टरचं रोटर (वरची फिरती पाती) हलकं, इंजिन बंद पडलं की जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो, तेवढ्यात कलेक्टिव्ह खाली नाही गेलं तर रोटरचा स्पीड इतका पडतो की परत मिळतच नाही, मग कसलं ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाशिवाय नुसत्या हवेवर पाती फिरत ठेवून उतरणं. विमान निदान तरंगत तरी जातं (हे घरी सांगितलेलं नाही).

लहानपणापासून ऐकलंय, आधी विचार कर मग हात लाव. आता ते उलटं कसं करायचं?