क्यूआर टेबलावरच

मे महिन्यातला चौथा शनिवार, दुपारचे साडेतीन. उन्हामुळे नागपुरातल्या सीताबर्डीचा रस्ता ओस पडलेला. आमचा धंदा लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचा, पण ऑनलाइन जाहिरात टाकून जुनी वस्तू विकणारे बरेच जण अनोळखी गिऱ्हाइकाला घरी न बोलावता आमच्या काउंटरवरच बोलावतात. इथं कॅमेरा आहे, चार माणसं असतात, मशीन तपासूनही मिळतं. त्या दिवशी एक निवृत्त मास्तर चार वर्षं वापरलेला लॅपटॉप घेऊन बसले होते. ठरलेली किंमत ३८,००० रुपये.

गिऱ्हाईक आलं, पंचविशीचं पोरगं. मास्तरांनी लॅपटॉप पुढं सरकवला, तर त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. तिथंच मला खटकलं. जुनं मशीन घेणारा आधी बॅटरी किती टिकते ते विचारतो, कीबोर्डची बटणं दाबून बघतो, कोपरा घासलाय म्हणून पाचशे तरी पाडायला बघतो. हा कानाला फोन लावून एवढंच विचारत होता, "सर, पैसे आले का?"

आणि पैसे आले. खरेखुरे. मास्तरांच्या मोबाईलवर मेसेज वाजला. मी त्यांना मेसेजवर न थांबता बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघायला लावली. तिथंही ३८,००० जमा. खोटा हिरवा टिक दाखवणारी ॲपं, दहा आकडी मोबाईल नंबरावरून आलेला बँकेचा बनावट मेसेज, 'चुकून शून्य जास्त पडला, बाकीचे परत करा' हे सगळे प्रकार खात्यात डोकावलं की तिथंच उघडे पडतात. पैसे घेण्यासाठी पिन टाका म्हणणाऱ्यांचंही तसंच. घेणाऱ्याला पिन कधीच लागत नाही. शिवाय एका व्यक्तीनं दुसरीकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. इथं तसलं काही नव्हतं.

फक्त पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं.

"भावजीच्या खात्यातून टाकले," पोरगं म्हणालं. असं असू शकतं. अनेकांची दिवसाची लिमिट संपलेली असते, फोन बदलल्यावर काही तास मोठी रक्कम जात नाही. म्हणून मी म्हटलं, "भावजींना स्पीकरवर घ्या, नाव सांगू द्या. नाहीतर तुमच्या खात्यातून एक रुपया टाका."

"काऊन भाऊ? पैसे तं आले ना!"

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. पलीकडे रायपूरचा कोणी माणूस. "भैया, पेमेंट हो गया, गाड़ी ट्रान्सपोर्ट में कब डालोगे?"

कोणती गाडी? त्यानं जाहिरातीत बघून जुनी स्कूटर घेतली होती, ३८,००० ला. विकणाऱ्यानं स्वतःला कामठीचा फौजी सांगून 'हिशेब माझे काका बघतात' म्हणत क्यूआर पाठवला होता. तो क्यूआर मास्तरांचा. आदल्या रात्री पोरानं 'उद्या वेळ जायला नको' म्हणून व्हॉट्सॲपवर मागून घेतला, मास्तरांनी सरळपणानं पाठवला. यूपीआय आयडी त्यांच्या मोबाईल नंबराचाच, म्हणून रायपूरवाल्याला फोन करता आला. आयडी दुसरा असता तर लॅपटॉप गेलाच असता. पैसे स्कूटरवाल्याचे, लॅपटॉप भामट्याचा, आणि तक्रार झाल्यावर खातं अडकणार मास्तरांचं. घासाघीस का नव्हती तेही कळलं. तिकडे आकडा ठरून गेला होता, इकडे पाचशे कमी झाले असते तर हिशेबच बिघडला असता.

मी फोनवर बोलत असतानाच पोरगं "गाडी सावलीत लावून येतो" म्हणून गेलं. आलं नाही.

मास्तरांचा जीव वरखाली. "आत्ताच परत पाठवून देतो," म्हणाले. त्यांना थांबवावं लागलं. सांगितलेल्या नंबरावर पैसे पाठवले आणि मागाहून तक्रारीवरून बँकेनंही तेवढीच रक्कम रोखली, तर भुर्दंड दुप्पट. शिवाय फोनवरचा माणूस खरा कशावरून? व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे यूटीआर, त्याच्याकडून वाचून घेतला, तो जुळला. मग त्याला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि त्याच्या बँकेत लगेच तक्रार करायला सांगितलं. चौथा शनिवार म्हणजे बँक बंद. मास्तरांकडून शाखेला ईमेल टाकून घेतला: रक्कम, वेळ, यूटीआर, जाहिरात आणि गप्पांचे स्क्रीनशॉट, 'हे पैसे माझे नाहीत, मूळ खात्यात परत करावेत' ही ओळ. सोमवारी त्याचीच छापील प्रत शाखेत देऊन पोच घेतली. पैशाला हात लावला नाही.

बुधवारी ३८,००० वर होल्ड लागला. हे नशीबच म्हणायचं, कधीकधी अख्खं खातं गोठवतात, आणि हे तर पेन्शनचं खातं! असल्या विक्रीसाठी हजार-दोन हजार शिल्लक असलेलं वेगळं खातं ठेवावं, हे मी आता प्रत्येकाला आधीच सांगतो. होल्ड निघायला दीड महिना गेला.

क्यूआर आता आमच्या काउंटरवर कोणी आधी पाठवत नाही. गिऱ्हाईक समोर बसतं, मशीन तपासतं, मग विक्रेत्यानं मोबाईल टेबलावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं स्वतःच्या फोनवरून स्कॅन करायचं. आधी एक रुपया, आलेलं नाव ओळखपत्राशी जुळवायचं, मग बाकीचे. दोन प्रतींत पावती: मशीनचा सिरियल नंबर, रक्कम, यूटीआर, तारीख-वेळ, दोघांच्या सह्या. लॅपटॉपमधून आपली खाती आधीच काढून टाकायची, चार्जर मात्र पैसे दिसल्यावरच हातात द्यायचा.

मास्तरांचा लॅपटॉप जूनमध्ये एका इंजिनिअरिंगच्या पोरीनं नेला. तिनं पाऊण तास तपासला, उजवी बिजागरी ढिली आहे म्हणून दीड हजार पाडले, आणि मास्तरांनी तिला वर एक माऊसही दिला.