कार्बन फिल्टर संपलाय, हे टीडीएस मीटरला कळत नाही

घरातल्या आरओचं पाणी तपासायचं म्हटलं की हातात टीडीएस मीटर येतो. मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा, कसं चाललंय हे त्यावर कळतं, त्याआधीच्या कार्बन (कोळशाच्या) फिल्टरचं नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, आणि त्यांना कोळसा जवळजवळ हातच लावत नाही. पाण्याचा जडपणा, नायट्रेट, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमधलं फ्लोराइड कोळशातून न अडता पाण्याबरोबर पुढे जातं.

कोळसा अडवतो तो क्लोरीन, वास, रंग आणि कीटकनाशकांसारखे सेंद्रिय पदार्थ. चांगल्या फिल्टरात नारळाच्या करवंटीचा कोळसा असतो. करवंटी आधी कोंडलेल्या हवेत जाळतात, मग ८०० ते ९५० अंश सेल्सिअसला तिच्यावर वाफ सोडतात. वाफ थोडा कार्बन खाते आणि आत अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. इतकी, की १ ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग १,००० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास १० गुंठे! चुलीतल्या कोळशाला ही वाफ मिळालेली नसते. त्यामुळे तो फडक्यात बांधून माठात सोडला तरी हे काम होत नाही.

सेंद्रिय पदार्थ या छिद्रांत चिकटून बसतात. क्लोरीनची मात्र कार्बनशी रासायनिक क्रिया होते आणि त्याचं क्लोराइड बनतं. हे महत्त्वाचं, कारण आरओच्या मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही. कार्बन संपला की क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जातो, काही काळाने टीडीएस चढतो आणि आपण नुसतं मेम्ब्रेन बदलतो. मग नवंही लवकर जातं.

तपासणी सोपी आहे. ग्रामपंचायतीचे पाणी कर्मचारी क्लोरीन तपासायला करतात तीच ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट. एक नमुना नळाचा, दुसरा कार्बननंतर मेम्ब्रेनकडे जाणारी पाइप सोडवून घेतलेला. दोन्हींत ओटीचे थेंब टाका. नळाचं पाणी पिवळं आणि दुसरं बिनरंगी राहिलं, तर क्लोरीनपुरता कार्बन ठीक. दुसऱ्यातही पिवळी झाक आली, तर फिल्टर बदला. नळाचंच पाणी पिवळं झालं नाही, तर त्या दिवशीची टेस्ट धरू नका. ओटी विषारी आहे, नमुने ओतून द्या आणि हात धुवा.

नवा फिल्टर बसवताना त्याच्यावरचा बाण पाणी वाहतं त्या दिशेने हवा. मेम्ब्रेनकडची पाइप काढून आधी पाणी बादलीत सोडा, काळी पूड पूर्ण जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत. हे टाळलं तर ती पूड मेम्ब्रेनवर बसते. जुना फिल्टर उन्हात वाळवून किंवा उकळून पुन्हा लावू नका. कोळसा पुन्हा कार्यक्षम करायला भट्टीच लागते.

आणखी एक. क्लोरीन गेल्यावर ओल्या कोळशात जिवाणू वाढतात. चांदीचा लेप दिलेला कोळसा ही वाढ मंदावतो, पाणी निर्जंतुक करत नाही. घर आठवडाभर बंद असेल, तर आल्यावर टाकीतलं पाणी काढून टाका आणि पुन्हा भरलेली पहिली टाकीही पिऊ नका.