सब्ज्याच्या मंजिऱ्या खुडू नका

टेरेस गार्डनवाल्यांच्यात कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, टोमॅटोशेजारी बेसिल, म्हणजे आपल्या सब्ज्याचा भाऊबंद, लावा, कीड फिरकत नाही आणि वर टोमॅटोला चव येते. चवीचं सोडाच, मला तरी फरक कळलेला नाही, आणि किडीचं म्हणाल तर सब्जा अगदी खेटून असताना माझ्या टोमॅटोच्या पानांमागे पांढरी माशी आरामात बसलेली असते, निंबोळी अर्क मारल्याशिवाय हलत नाही.

तरी मी सब्जा लावतेच, कारण मधमाश्या!

टोमॅटो-वांग्याचे परागकण नळीसारख्या केसरांत बंद असतात, फूल थरथरलं तरच बाहेर पडतात. वाऱ्यानेही थोडं काम होतं, पण पोटावर निळे पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी येते ना, ती फुलाला लटकून असा काही गुंऽऽ आवाज काढते की पराग भुरभुर सांडतो. आपल्या पोळ्यातल्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही. आणि ही निळी बाई मंजिऱ्यांवर भारी खूश असते. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्याही येतात, त्यांचा फायदा काकडीला, कारण तिथे नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत कोणीतरी न्यायलाच लागतो.

आता सगळीकडे सांगतात की फुलं आली की शेंडे खुडा, नाहीतर पानं कडू होतात. खरंय, पण मग माश्या कशावर येणार? म्हणून दोन झाडं ठेवा, एक खुडायला आणि एक सोडून द्यायला. तुळसही चालते, पण आमच्या सासूबाई वृंदावनात मंजिरी वाळायच्या आत खुडतात, तिथे माझं काही चालत नाही 😄

बियांसाठी महागडं पाकीट नको, किराणा दुकानातला फालुद्याचा सब्जा म्हणजे त्याच बेसिलचा भाऊबंद, शास्त्रीय नावही तेच, ऑसिमम बॅसिलिकम. वास पास्त्याच्या बेसिलसारखा गोड नसतो पण माश्यांना काय त्याचं. बी भिजवू नका, बुळबुळीत गोळा होतो, कोरडंच भुरभुरा आणि वर चिमूटभर माती. कुंडी वेगळीच घ्या, एका ग्रो बॅगमध्ये टोमॅटो त्याला सावलीत दाबून टाकतो.

आणि हो, निंबोळी अर्क मारायचा तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर, आणि मंजिऱ्यांवर अजिबात नको.