तुम्ही आम्हाला विहिरीवर कशाला नेता?

शिवजयंतीच्या तयारीला जमलेली पोरं दरवर्षी विचारतात, "काका, नेतृत्वावर बोलायला थोर माणसं एवढी आहेत, मग आम्हाला विहिरीवर कशाला नेता?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

ती टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे, हे आमच्याकडं लहान पोरही सांगेल. स्वागताध्यक्ष कोण होते विचारलं की मात्र सगळे गप्प. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे! टिळकांच्या तालमीतला माणूस, 'कर्नाटक सिंह' म्हणायचे त्यांना. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी इथं एक अख्खं गाव वसवलं, नाव दिलं विजयनगर. दारात हंपीच्या विरुपाक्ष मंदिरासारखं गोपूर. पण देशभरातून येणारी माणसं पिणार काय? म्हणून ही विहीर खणली, तिचं नाव पंपा सरोवर. गोपूर, मंडप कधीच उतरले. विहीर अजून आहे, आणि जवळच्या रस्त्याला आपण काँग्रेस रोड म्हणतो.

याचं मोल मला फार उशिरा कळलं. मी मंडळाचा अध्यक्ष होतो त्या वर्षी आमचा चित्ररथ राज्याभिषेकाचा होता. सिंहासन, छत्र, मावळ्यांचे अंगरखे, महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. आपली मिरवणूक वैशाखातली, रात्रीसुद्धा अंगाची लाही होते. लेझीमची पोरं तीन-चार तास नाचली आणि त्यांच्यासाठी पाण्याचा एक कॅनही मी सांगितलेला नव्हता. त्यातला एक घेरी येऊन रस्त्यावरच बसला. शेजारच्या घरातून एक आजी कळशी घेऊन धावत आली. "कुडी, मगा, कुडी," म्हणजे कानडीत "पी, बाळा, पी," म्हणत तिनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. कळशीला राख-चिंचेनं घासल्याची लकाकी होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. मी फेटा बांधून रथावर उभा होतो. उतरून त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो पाणी पिऊन उठलाही होता.

महाराजांवर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोलता, बोलत राहा. पण रायगडावरचे गंगासागर आणि हत्ती तलाव त्या भाषणात येऊ देत. इतकी माणसं गडावर राहायची, तर त्यांच्या पाण्याचा विचार कुणीतरी आधी केलाच होता ना?

रविवारी सकाळी सातला विहिरीपाशी या. चित्ररथाचं तिथंच बोलू, आणि पाण्याचं कोण बघणार ते त्याच्या आधी ठरवू.