कुकरची शिट्टी, फ्रिजमागचा ट्रे आणि इतर राहून गेलेलं

दिवाळीच्या आधी डबे घासले जातात, पंखे पुसले जातात, माळ्यावरची पितळी पातेली उजळून पुन्हा माळ्यावर जातात. ज्यात रोज वरणभात शिजतो त्या कुकरच्या झाकणातली रिंग मात्र वर्षभर नळाखाली नुसती ओली होते. स्वयंपाकघरातली जुनी घाण मोकळ्या जागी क्वचितच टिकते. ती सांध्यात बसते: रबर स्टीलला टेकतं तिथं, पातं भांड्याच्या तळात शिरतं तिथं, पाइप भिंतीत जातो तिथं. म्हणून सफाईला लागताना आधी कोणती वस्तू कुठं सुटी होते ते बघावं आणि सुटी करूनच धुवावी.

त्याआधी घाण कोणती हे ओळखायला हवं. तेलकट, चिकट थराला सोडा लागतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार आंबटानंच सुटतात, मग ते लिंबू असो, चिंच असो, व्हिनेगर असो किंवा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड. वाळलेल्या कणकेला आणि डाळीच्या फेसाला यातलं काहीच नको, साध्या पाण्यात अर्धा तास भिजणं पुरतं. उलट उकळतं पाणी ओतलं तर पिठाची खळ होते आणि ती आणखी चिकटते. सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायचे व्हिडिओ फिरत असतात. फेस देखणा असतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि हातात जवळजवळ पाणीच उरतं. एका वेळी एकच वापरा. टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये तर कधीच मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो घातक आहे.

सोड्याचं एक पथ्य आहे, ते म्हणजे ॲल्युमिनियम. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि काळं करतो. ॲल्युमिनियमच्या कुकरचा आतून काळा पडलेला तळ सोड्यानं घासला तर तो उजळायच्या ऐवजी आणखी बिघडतो. तिथं चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची साल घालून पाणी दहा मिनिटं उकळावं. रोज कुकर लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली तर काळपटपणा धरतच नाही.

आता कुकरचं झाकण. शिट्टी काढा, झाकण खिडकीकडे धरा आणि नळीतून आरपार बघा. स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. डाळीचा फेस शिजताना नळीत चढतो आणि तिथंच वाळतो. असे थर साठत गेले की भोक अरुंद होत जातं. मग शिट्टी वेळेवर होत नाही, वाफ रिंगच्या कडेनं फुसफुसते, आणि आपण बिचाऱ्या रिंगला दोष देऊन नवी आणतो. नळी पूर्ण बुजली तर शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि डाळ छताला लागते. नळीत आतल्या बाजूनं बारीक तार किंवा जाड सुई फिरवा, मग नळाची धार सोडा. शिट्टी उलटी करून तिच्या पोकळ बाजूतही बघा, वाळलेला फेस तिथंही असतो. रिंग खोबणीतून बाहेर काढून दोन्ही अंगांनी साबणानं धुवा आणि खोबणीतून जुना टूथब्रश गोल फिरवा. पिवळट राळ निघेल. रिंग कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर तिचे दिवस भरले. सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र टोचायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. वितळलेला व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणून बदलायचा, त्यात दुसरं काही भरून काम भागवायचं नाही. कुकर कपाटात ठेवताना झाकण घट्ट लावू नका, नुसतं उलटं टेकवा, म्हणजे रिंगला कोंदट वास धरत नाही.

मिक्सरच्या भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून फिरवलं की वरची बाजू साफ होते. पात्याखाली अडकलेलं ओलं खोबरं आणि लसूण तसंच राहतं, त्याला बाटल्या धुवायचा बारीक ब्रशच हवा. मग भांडं उलटं करा. तळाशी मोटरला बसणारा कपलर असतो आणि त्याच्याभोवती चटणीची काळी कड जमते. तिथं कायम काळपट ओल येत असेल तर पात्याच्या दांड्याचं सील झिजलेलं आहे. ते दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावं, कारण जे खाली गळतं ते वरच्या वाटणातही मिसळू शकतं. भांड्यात रात्रभर पाणी भरून ठेवायची सवय सील आणि दांडा दोन्ही खराब करते. मिक्सरच्या बुडाला हवेच्या फटी असतात. प्लग काढून कोरड्या ब्रशनं त्यातलं पीठ आणि धूळ झाडा, पाणी लावू नका.

फ्रिजच्या दाराच्या रबराला घड्या असतात, त्यात काळी बुरशी बसते. एक कप कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, त्यात बुडवलेलं फडकं बोटावर गुंडाळून घडीघडीतून फिरवा आणि कोरडं पुसा. मग दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा. कागद सहज सरकला तर रबर तिथं बसत नाही.

खरं दुर्लक्ष होतं ते फ्रिजच्या मागच्या ट्रेकडे. आत वितळलेलं बर्फाचं पाणी तिथं उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं. पावसाळ्यात हवा दमट असते, पाणी उडत नाही, साचतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असं घरातलं शांत पाणी फार आवडतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी वाळवायला सांगतात ते यासाठीच. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. म्हणून कडा घासायच्याच. प्लग काढा, फ्रिज पुढं ओढा, ट्रे निघत असेल तर बाहेर काढून काथ्यानं घासा. स्क्रूनं पक्का असेल तर स्पंजनं पाणी टिपून घ्या आणि साबणाच्या फडक्यानं कडा रगडा.

भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर तेही याच वाटेचं दुखणं. आतल्या मागच्या भिंतीत खाली एक छोटं भोक असतं, ते कोथिंबिरीच्या पानानं किंवा बुळबुळीत थरानं बुजतं. पातळ, मऊ नळी हलकेच घाला आणि अर्धा कप कोमट पाणी सोडा. ते मागच्या ट्रेमध्ये पोचलं की वाट मोकळी झाली.

शेगडीच्या ज्योतीला पिवळी टोकं आली आणि पातेल्यांचे बुड काळे व्हायला लागले की बर्नरची भोकं बुजलीत असं समजा. रेग्युलेटर बंद करा, बर्नर गार होऊ द्या, पितळी टोप्या चिंचेच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. भोकांतून सुई फिरवा, भोक मोठं करायला जाऊ नका. घासून झालं की पूर्ण वाळवा, ओला बर्नर फडफडतो. टोपी परत ठेवताना ती खाचेत नीट बसली आहे ना ते बोटानं हलवून बघा. शेगडीच्या मागची गॅसची नळी तेलानं चिकट झालेली असते. ती साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसताना तिच्यावर छापलेली मुदतही वाचा आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. नळीला कापड गुंडाळून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याखाली चिरा लपतात, उंदरांचं फावतं.

चिमणीचे फिल्टर स्टीलचे असतील तर टबात दोन लिटर कढत पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे, अर्धा तास. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर फक्त भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. कपाटांच्या वर, जिथं हात पोचत नाही तिथं, वर्तमानपत्र अंथरा आणि दोन महिन्यांनी बदला. तेलाचा वाफारा कागदावर बसतो, लाकडावर नाही. घासत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

सिंकमधून वास येतो तेव्हा लोक आधी ड्रेन क्लीनर ओततात. त्याआधी सिंकखाली बघा. बाटलीसारखा ट्रॅप, म्हणजे कचरा आणि वास अडवणारा भाग असेल तर खाली बादली ठेवून त्याचा तळ हातानं फिरवा, निघतो. आत भात, केस आणि तेलाचा गोळा सापडेल. धुऊन परत लावताना वॉशर जागेवर आहे ना ते बघा आणि सिंकमध्ये पाणी सोडून खाली कोरडं बोट फिरवा. घड्यांची लवचीक नळी असेल तर प्रत्येक घडीत तेल गोठलेलं असतं. ती घासण्यात वेळ घालवू नका, बदलून टाका. नळी मोरीच्या पाइपात जिथं शिरते ती फट रबरी बुचानं बंद करा, झुरळांचा हमरस्ता तोच.

डब्याच्या झाकणातली रिंग चमच्याच्या दांड्यानं उचला, आतली आमटी महिन्यापूर्वीची असेल. स्टीलची चहाची गाळणी सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं उकळली की जाळी मोकळी होते. विळीच्या खवणीच्या दातांत खोबरं वाळून खवट होतं, खवून झाल्या झाल्या ब्रश मारायचा. पोळपाट भिजत घालायचा नाही; पायांच्या सांध्यातली कणीक ओली करून बोथट सुरीनं खरवडायची आणि तो उभा वाळवायचा. प्लास्टिकवर हळदीचा डाग असेल तर घासू नका. साबण किंवा सोडा लागला की तो लाल होतो, घाबरायचं कारण नाही. धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो.

राहिली माठाची आणि फिल्टरची तोटी. आत करंगळी फिरवली तर बुळबुळीत लागेल. तोटी फिरवून काढा, बारीक ब्रशनं धुवा, क्षार असतील तर कपभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून तासभर बुडवा. माठाला आतून साबण नको, माती तो शोषते आणि पाण्याला वास येतो. नुसत्या काथ्यानं घासायचा, दोनदा विसळायचा आणि भरण्याआधी एक दिवस उन्हात पालथा घालायचा.