भिंत, पाहुणे आणि चार बटणं

4 जानेवारी, रविवार, रात्री उशिरा

पंधरा तारखेला महापालिकेचं मतदान. 2017 नंतर आता कुठं होऊन राहिलंय, म्हणून सगळ्या नागपुरात नुसती धावपळ आहे आणि नाताळच्या आधीपासून चर्चच्या गेटवर शुभेच्छांचे इतके फ्लेक्स लागलेत की आतला तारा दिसत नाही. त्यातले निम्मे लोक असे आहेत की गुड फ्रायडेलाही हॅप्पी म्हणून मेसेज पाठवतात, असो.

आज उपासना संपल्यावर एक उमेदवार आले. प्रार्थनास्थळात प्रचार करणं आचारसंहितेत बसत नाही, म्हणून त्यांना 'पाहुणे' म्हणायचं, हार घालायचा आणि पुढच्या सोफ्यावर बसवायचं, ही आमच्या कमिटीची युक्ती. बोटांत अंगठ्या, मनगटात जाड कडं. मला तिथंच बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला, सोन्याची अंगठी घालून कोणी सभेत आला की त्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिकडे उभा राह', असं करू नका म्हणून याकोब चक्क रागावलाय. आणि आमच्याकडे ते पत्र पाठ असणारेच सोफा सरकवत होते.

ते म्हणाले दफनभूमीची कंपाउंड वॉल करून देतो. आता हे खरं आहे की भिंत एका बाजूनं पूर्ण पडलीय, डुकरं आत शिरतात, माझे आजोबा तिथंच आहेत, आणि अर्ज करून करून सगळे थकले, त्यामुळे टाळ्या पडल्या त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण मग ते रंगात आले. म्हणे, "आजकाल आपल्या एरियात भाड्यानं कोन कोन राहून राहिलं, डोळे बारीक, नेपाळ का चायना काही समजत नाही, निवडून आलो का पहिले यांची लिस्ट काढतो." आणि लोक हसले. आमेन म्हणणारे लोक हसले!

शेवटच्या बाकावर मिझोराम नागालँडच्या पोरी बसल्या होत्या. दवाखान्यात नर्स आहेत, नाईट ड्यूटी करून थेट उपासनेला येतात, मराठी फारशी येत नाही तरी गाण्याचं पुस्तक बरोबर त्याच पानावर उघडून धरतात. त्यातल्या एकीनं मला हळूच विचारलं, "दीदी, क्या बोला इन्होंने?" ते जे बोलले ते मी तसंच हिंदीत सांगितलं, गोड करून नाही सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली आणि पर्सची चेन लावत बसली, लागलेली चेन परत उघडून परत लावत.

बाहेर चहाच्या वेळी मी कमिटीच्या काकांना गाठलं. काका म्हणाले, "जोक होता बाप्पा तो, तू काहून मनाला लावून घेते, भिंत तर होऊन जाऊ दे ना पहिले." बाजूला उभे होते ते म्हणाले, आपण विश्वासणाऱ्यांनी राजकारणात पडूच नये, फक्त प्रार्थना करावी. म्हणजे सोफा द्यायला राजकारण चालतं, आक्षेप घ्यायची वेळ आली की आपण प्रार्थनावाले.

मला या प्रार्थनावाल्यांना दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथल्या केप प्रांतात डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडनं, म्हणजे धर्मसभेनं, 1857 साली ठराव केला की सगळ्यांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळे काळ्या विश्वासणाऱ्यांची वेगळी घेतली तरी चालेल. किती साधी सवलत, 'आपल्या काही लोकांना जड जातं' एवढंच. पुढं 1948 मध्ये बहुतेक गोऱ्यांच्याच मतांवर वर्णभेदाचं सरकार आलं आणि त्याचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वी त्याच चर्चचे पाळक होते. त्यांना मत देणारे रविवार चुकवणारे लोक नव्हते. आणि सगळ्या काळ्या लोकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला मिळालं ते थेट 1994 मध्ये.

अमेरिकेतही तेच. अलाबामातल्या सेल्मा गावाच्या परिसरात 1965 च्या सुरुवातीला मताचा हक्क असलेल्या काळ्या लोकांपैकी सुमारे 2 टक्क्यांचीच नावं यादीत होती, बाकीच्यांना परीक्षा, फॉर्म, धमक्या. मार्टिन लूथर किंगनी देशभरातल्या पाळकांना हाक मारली आणि जेम्स रीब नावाचे गोरे पाळक बॉस्टनहून गेले, तिथं त्यांना रस्त्यात मारहाण झाली आणि दोन दिवसांनी ते वारले. त्यांचं स्वतःचं नाव यादीत होतंच की, ते गेले ते ज्यांचं नव्हतं त्यांच्यासाठी. त्याच्या दोन वर्षं आधी किंगनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं, ते उघड द्वेष करणाऱ्यांना नव्हतं, 'जरा थांबा, घाई करू नका' म्हणणाऱ्या आठ धर्मगुरूंना होतं. आमचे काका नववे.

हेच किंग 1959 मध्ये भारतात आले होते. केरळात एका शाळेत दलित मुलांसमोर मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली, आधी त्यांना धक्काच बसला, मग म्हणाले बरोबर आहे, आहे मी. आपण मात्र रेसिझम म्हटलं की तो फक्त टीव्हीवरच्या गोऱ्या पोलिसांचा, आपल्यात कुठं. आणि लग्न जुळवताना पहिला प्रश्न, "मूळचे कोण?" 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, शिखांना 1956 मध्ये घेतलं, बौद्धांना 1990 मध्ये, आपल्याला नाही, हा अन्याय आपण स्टेजवर तावातावानं सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मग बारीक डोळ्यांवर हसायचं कसं जमतं?

त्या पोरींची मतं इथं नाहीत, नावं त्यांच्या गावच्या यादीत आहेत. त्यांना जे बोललं गेलं त्याचं उत्तर द्यायचं बटण आमच्यापाशी आहे, आणि म्हणून यावेळी घरी बसणं किंवा भिंतीच्या बदल्यात मत देऊन टाकणं मला तरी पटत नाही. त्या पाहुण्यांना माझं मत नाही, हे ठरलं.

अडचण पुढची आहे. आमच्या प्रभागात चार जागा, चार मतं, आणि त्या पाहुण्यांचे पॅनलवाले सांगून राहिले की चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा. त्याच पॅनलमध्ये एक ताई आहेत, उन्हाळ्यात टँकरसाठी रात्री अकरालासुद्धा फोन उचलणाऱ्या, कामाच्या बाई. आज त्या बाजूलाच उभ्या होत्या, हसल्या नाहीत, बोलल्याही नाहीत, मोबाईल पाहत होत्या. मत जागेगणिक वेगळं देता येतं, नोटाही प्रत्येक जागेला वेगळा असतो, तेव्हा तांत्रिक अडचण काही नाही. मन मात्र तयार होत नाही.

उद्या त्यांच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारणार आहे, तुमच्या भाऊंच्या लिस्टीत आमच्या चर्चच्या पोरी येतात का, आणि आल्या तर तुम्ही काय कराल. काकांना चला म्हटलं तर त्यांना बीपीची गोळी आठवली. मामी येते म्हणाल्या, पण सातच्या आत घरी सोडशील तरच.