पुरातली नाही, पुळणीतली

आमच्याकडे सेकंडहँड गाडी घेणारा माणूस आधी सीटबेल्ट ओढतो. पार शेवटपर्यंत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, गाड्या टपापर्यंत बुडाल्या. तेव्हापासून ही सवय लागली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण आत गुंडाळून राहिलेल्या पट्ट्यावरची चिखलाची रेघ सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मीही ओढला. मॅट उचलून नाक खुपसलं, सीटखालचे बोल्ट पाहिले, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवला. सगळं कोरडं. गाडी 2015 ची, एमएच-06, म्हणजे रायगडची. दीड लिटरचं डिझेल, लांबी चार मीटरच्या आत, 92 हजार किलोमीटर. डिसेंबर 2023 मध्ये 3 लाख 85 हजारांना घेतली. माझं गुहागरला मेडिकल आहे, माल आणायला आठवड्यातून दोनदा चिपळूण. शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर या रस्त्याला उंच गाडी बरी पडते, एवढाच हिशोब होता.

पंधरा दिवसांत पुढून कटकट आवाज यायला लागला. खड्ड्यात गेली की कट. सस्पेन्शनचा लिंक रॉड असणार म्हणून गॅरेजला नेली. मेस्त्री साठीच्या पुढचे, बोलणं कमी. गाडी रॅम्पवर चढवली आणि इंजिनखालचं काळं प्लास्टिक खोललं, तर त्यातून वाळू पडली. चिमूटभर नव्हे, ओंजळभर. पांढरट, बारीक, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट. मेस्त्रींनी ती बोटांवर चोळली आणि म्हणाले, "दादा, तुम्ही पुरातली नाय ना ते बघितलात. ही पुळणीतली हाय."

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सायलेन्सरवर ठोकत मागे गेले. टण, टण, टण, फस्. चौथ्या ठोक्याला टोक सरळ आत.

गाडी किनाऱ्यावर पळवायची हौस आपल्याकडे किती आहे हे शनिवार-रविवारी आमच्या बाजूला आलात की दिसतं. मागचा मालक त्यातलाच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळतं, मीठ राहतं, आणि ते हवेतली ओल ओढत बसतं. म्हणजे भर एप्रिलातही पत्र्याच्या सांध्यात गाडी ओलीच. वरून रंग झकास, कारण वरून धुतात. खालून कोण धुतो?

लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचे, रबरी बुश फाटलेले होते. दोन्ही आर्म, लिंक रॉड, मजुरी धरून 8,600. हे कुठल्याही जुन्या गाडीत निघालं असतं, त्याचा राग नाही. ब्रेकचं मात्र वेगळं. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून जाम, त्यामुळे एकाच बाजूचा पॅड घासत घासत लोखंडापर्यंत गेलेला आणि डिस्कवर नांगरल्यासारखे चर. डिस्क, पॅड, पिनांचं किट मिळून 7,800. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइप नखाने खरवडला तर खपल्या निघाल्या. तो बदलायला 3,200. इथे मी घासाघीस केली नाही. सायलेन्सरला वेल्डिंग मारून 900 मध्ये भागलं.

एसी मे महिन्यात बसला. कंडेन्सरच्या, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावलं की पिठासारख्या गळत होत्या. एकाने "नुसता गॅस मारून देतो" म्हटलं होतं, बरं झालं ऐकलं नाही. भोक तसंच ठेवून गॅस मारणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. नवा कंडेन्सर, गॅससकट 7,400.

खरा दणका कुंभार्ली घाटात. ऑगस्ट, धुकं, गाडीत आई, बायको, मुलगी, कराडला लग्न. पोफळी सोडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पुढे सरकेना. आरपीएमचा काटा वर, वेग खाली. मग तो वास. आई म्हणाली, "काहीतरी करपलंय रे." करपलं होतं ते माझं. क्लच. वाळूत रुतलेली गाडी अर्धा क्लच दाबून रेटून काढली की प्लेट अशीच जळते. गाडी टोचन करून खाली आणली. कराडचं लग्न हुकलं, आईने त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

मी मनात दहा-बारा हजार धरले होते. पण या डिझेलला फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा. इंजिनचे हिसके त्या जिरवतात म्हणून गाडी मऊ चालते, आणि त्या ढिल्या झाल्या की अख्खं फ्लायव्हील बदलावं लागतं. क्लचसेट 9,800, फ्लायव्हील 21,500, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी 6,000. गाडी बंद करताना ती खडखड करून थरथरायची, ते मी पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. डिझेल आहे, चालायचंच, असं समजत होतो.

इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट मेस्त्रींनी न विचारता काढायला लावला. कधी बदलला त्याचा कागद नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बेल्ट, पुली, वॉटर पंप, 11,200. काढलेल्या बेल्टच्या पाठीवर भेगा होत्या. तो मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय.

बेरीज 76,400. बायकोने केली, मी टाळत होतो.

आता दर रविवारी विहिरीचा पंप लावतो आणि नळी गाडीखाली सरकवून पाणी मारतो. वरचा धुरळा राहिला तर राहू दे.

गेल्या आठवड्यात पुण्याचा मावसभाऊ आला होता. संध्याकाळी किनाऱ्याकडे निघालो तर म्हणतो, "अरे, उतरव ना खाली, फोटो मस्त येतील." गाडी सुरुच्या बनाअलीकडेच लावली, किल्ली खिशात टाकली, आणि त्याला चपला हातात घेऊन चालत नेला.